डब्यात उरलेल्या गोळ्या

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी चिपळूणची. मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला दर महिन्या-दीड महिन्याने सर्दी-ताप येतो. गेल्या वेळी ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं सिरप दिलं, पण जुलाब लागले म्हणून दोन दिवसांत आम्हीच बंद केलं. मिस्टर घसा दुखला की मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन ५०० आणतात. दोन गोळ्यांत बरं वाटतं, तिसरी डब्यात जाते. सासूबाई ६८ वर्षांच्या, शुगरच्या पेशंट. लघवीच्या इन्फेक्शनसाठी त्यांना लिव्होफ्लॉक्सासिन चालू आहे. चौथ्या दिवसापासून टाच मागून दुखतेय. गोळ्या उष्ण पडल्या असतील म्हणून आम्ही ताक आणि सब्जा देतोय. शेजारच्या काकू म्हणतात, अँटिबायोटिकने माणसाची प्रतिकारशक्ती संपते. या गोळ्या शरीरात नेमकं करतात काय? इतके प्रकार कशाला? की घेऊच नयेत? औषधांच्या डब्याचा फोटो सोबत जोडला आहे.

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मी सासूबाईंच्या टाचेपाशीच थांबले. सदर येईपर्यंत वाट बघायला नको म्हणून तेवढं उत्तर तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं. पण आणखी कुणाच्या घरात आई, सासरे, आत्या हीच गोळी घेत असतील, म्हणून ते इथे पुन्हा लिहिते.

लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही एकाच कुळातली भावंडं. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ आलं की ओळखायचं. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. या गोळ्यांनी काही जणांच्या कंडरा सुजतात आणि क्वचित तुटतातही. सगळ्यात जास्त त्रास होतो तो टाचेमागच्या जाड कंडरेला. वय साठीच्या पुढे असेल किंवा दम्यासाठी, संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ साली या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत याची ताकीद छापायला लावली, इतकी ही गोष्ट गंभीर आहे. टाचेमागे दुखायला लागलं की पुढची गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि त्या पायावर भार द्यायचा नाही. तेल लावून चोळायचं तर अजिबात नाही.

दुसरं, सासूबाई शुगरच्या गोळ्या घेतात. हे औषध रक्तातली साखर अचानक खाली आणू शकतं, कधी वरही नेतं. दरदरून घाम, हातापायांना कंप, डोकं गरगरणं असं काही झालं तर लगेच साखर तपासा. तपासायची सोय नसेल तर आधी दोन चमचे साखर पाण्यातून द्या आणि मग डॉक्टरांना गाठा.

मात्र गोळी थांबवली म्हणजे इन्फेक्शन थांबलं असं नव्हे. शुगर असलेल्या वयस्क बाईचं लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत चढू शकतं. म्हणून गोळी बदलून घ्यायची, उपचार सोडायचे नाहीत. लघवीचं कल्चर केलं असेल तर त्यात कोणता जीवाणू आहे आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं, दोन्ही लिहिलेलं असतं. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. किडनी ठीक असेल आणि इन्फेक्शन मूत्राशयापुरतंच असेल, तर नायट्रोफ्युरँटॉइनसारखी गोळी देता येते. तिने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, त्याला घाबरायचं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न.

जीवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. त्याच्या भोवती एक भक्कम भिंत असते. वाढताना, एकाचे दोन होताना त्याला ती भिंत सतत बांधावी लागते. पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातली औषधं हे बांधकाम अडवतात. गवंड्याच्या हातातली थापी काढून घ्यावी तसं. आतला दाब वाढत जातो, अर्धवट भिंत तो पेलू शकत नाही आणि जीवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, त्यामुळे हे औषध आपल्या पेशीला सोडून जीवाणूला मारतं. अँटिबायोटिकचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे : जीवाणूकडे असलेलं आणि आपल्याकडे नसलेलं असं काहीतरी शोधायचं आणि तिथेच घाव घालायचा.

असे घाव घालायच्या जागा वेगवेगळ्या, म्हणून औषधांचे प्रकार वेगवेगळे. काही औषधं जीवाणूचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतात. कारखाना आपल्याही पेशीत आहे, पण त्याची घडण वेगळी. ‘फ्लॉक्सासिन’वाली जीवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या यंत्रणेला अडकवतात, मग त्याला स्वतःची नक्कल करता येत नाही. सल्फाच्या गोळ्यांची युक्ती मला सगळ्यात सुंदर वाटते. फोलिक ॲसिड आपल्याला पालेभाज्यांतून, डाळींतून मिळतं, तर बरेच जीवाणू ते स्वतःच तयार करतात. सल्फा त्यांचं ते तयार करणंच थांबवतं. आपण जेवतो म्हणून वाचतो, त्यांची उपासमार होते.

विषाणूला यातलं काहीच नसतं. ना भिंत, ना स्वतःचा कारखाना. तो आपल्या पेशीत शिरून आपलाच कारखाना वापरतो. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या, लहान मुलांचे बहुतेक जुलाब आणि बहुतेक घसादुखी विषाणूंची. तिथे अँटिबायोटिकला घाव घालायला जागाच सापडत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन ‘पिकलं’, आता अँटिबायोटिक हवंच, असं कितीतरी आया मला सांगतात. साध्या सर्दीतही तो रंग येतो आणि जातो.

आता तुमचा डबा. फोटो मोठा करून बघितला. करंज्यांसाठी वापरतात तसला स्टीलचा डबा, आणि आत पाच-सहा घरांचं पुरेल इतकं औषध. एकेक उचलते.

कडेला आडवी पडलेली बाटली तुमच्या लेकाच्या सिरपची. टोपणाखाली पांढरट थर वाळलाय, तळाशी साका बसलाय. ही बाटली आजच टाका. यात ॲमॉक्सिसिलिन आहे, म्हणजे भिंतीचं काम अडवणारं. काही जीवाणूंनी ॲमॉक्सिसिलिनचे तुकडे करणारी कात्री शोधून काढली, म्हणून त्या कात्रीला अडकवायला सोबत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घालतात. मुलांना जुलाब होतात त्यात या क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचा मोठा हात असतो. शिवाय आपल्या आतड्यात कोट्यवधी उपयोगी जीवाणू नांदत असतात. औषधाला आपला-परका कळत नाही, ते त्यांनाही झोडपतं.

मग करायचं काय होतं? हे सिरप जेवणाच्या सुरुवातीला द्यायचं, उपाशी पोटी नाही. दोन-चार वेळा पातळ शी झाली, पण मूल खेळतंय, पाणी पितंय, तर ओआरएस देत राहायचं आणि डॉक्टरांना फोन करून विचारायचं. शीमध्ये रक्त दिसलं, मूल मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा पोट खूप दुखायला लागलं तर फोनवर भागवायचं नाही, घेऊन जायचं. जुलाब बांधायच्या गोळ्या लहान मुलाला घरच्या घरी द्यायच्या नाहीत. एक लक्षात असू द्या : अँटिबायोटिक संपल्यावर काही आठवड्यांनी मोठ्या माणसाला, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला, एकाएकी भरपूर जुलाब लागले तर ते त्या औषधामुळेही असू शकतात. तेव्हा डॉक्टरांना मागच्या औषधाचं नाव सांगा.

सिरप बनवण्यातही चूक होते. बाटलीत कोरडी पूड असते. आधी हलवून ती सुटी करायची, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालायचं, खडखडून हलवायचं, मग खुणेपर्यंत भरायचं. फेस खाली बसला की पातळी पुन्हा बघायची, बहुतेक वेळा थोडं पाणी कमी पडलेलं असतं. फ्रिजमध्ये ठेवायचं, दर वेळी हलवून द्यायचं आणि सात दिवसांनी उरलं तरी फेकायचं. न हलवता दिलं तर पहिले दोन दिवस पाणी पोटात जातं आणि शेवटी खालचं दाट औषध. माझ्याकडे ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून आलेल्या एका बाळाची बाटली मी उजेडात धरली, तेव्हा तळाला बोटभर पूड तशीच होती.

मिस्टरांच्या ॲझिथ्रोमायसिनच्या तीन पट्ट्या दिसल्या, प्रत्येकीत एकेक गोळी. हे प्रथिनांचा कारखाना बंद पाडणारं औषध. शरीरातून अगदी सावकाश निघून जातं, म्हणून तीन किंवा पाच दिवसांचाच डोस पुरतो, गोळ्या संपल्यावरही त्याचं काम चालू राहतं. हाच त्याचा गुण, आणि उगाच घेतलं तर हाच दोष. कितीतरी दिवस त्याचं थोडं-थोडं प्रमाण नाका-घशात रेंगाळतं. त्या थोड्या प्रमाणात दुबळे जीवाणू मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. पोटात कळा, मळमळ हे त्याचे नेहमीचे त्रास. काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यांची लयही ते बिघडवू शकतं. मिस्टरांना हृदयाचं, ठोक्यांचं काही औषध चालू असेल तर हे मेडिकलमधून आणणं ताबडतोब थांबवा. त्यांना दोन गोळ्यांत बरं वाटतं, कारण विषाणूची घसादुखी बहुधा तीन-चार दिवसांत उतरायलाच लागलेली असते. श्रेय गोळीला मिळतं.

पेनिसिलिन १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सापडलं. त्यासाठी १९४५ साली नोबेल स्वीकारताना त्यांनी भाषणात एक कल्पित घर उभं केलं होतं : नवऱ्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो, अपुरं घेतो. त्याच्या घशातले जंतू औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्युमोनिया होतो, पेनिसिलिन काम करत नाही आणि ती दगावते. औषध वापरात येऊन जेमतेम काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. तुमच्या पत्रातली तिसरी गोळी वाचली आणि मला ते घर आठवलं.

इथेच काकूंचं म्हणणं सरळ करते. त्यांनी ‘प्रतिकार’ हा शब्द बरोबर ऐकलाय, पण तो कुणाचा, हे चुकलं. अँटिबायोटिकने माणसाची प्रतिकारशक्ती संपत नाही. औषधाला दाद न देण्याची ताकद येते ती जीवाणूमध्ये. मराठीत दोन्हीला आपण जवळजवळ एकच शब्द वापरतो, म्हणून हा घोळ गावोगाव आहे. आणि तो घातक आहे, कारण माणसांना वाटतं, ‘मी कधीच अँटिबायोटिक घेत नाही, मला काय धोका?’ चिवट झालेला जीवाणू एका घरातून दुसऱ्या घरात जातो, ज्याने आयुष्यात एक गोळी घेतली नाही त्यालाही लागतो. मी १९९६ साली दवाखाना सुरू केला तेव्हा टायफॉइडला सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं की चार-पाच दिवसांत ताप उतरायचा. पेशंट पायी घरी जायचे. आज टायफॉइडच्या पेशंटला मी सिप्रोफ्लॉक्सासिन देऊ शकत नाही, कारण आपल्याकडचे टायफॉइडचे बहुतेक जीवाणू त्याला जुमानतच नाहीत. माझ्या एका कारकिर्दीत एक चांगलं औषध हातातून गेलं. याचं मला फार वाईट वाटतं.

डब्यात डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल आहेत, पुराच्या वेळच्या. चिपळूणकरांना हे औषध काय ते सांगायला नको. पुराच्या पाण्यात, चिखलात, भाताच्या खाचरात काम केल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा जीवाणूचा ताप) होऊ नये म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतात तेच हे. कोकणासाठी लाखमोलाचं औषध आहे, पण तुमच्या पट्टीची तारीख उलटून गेलीय. पुढच्या पावसाळ्यात गरज पडली तर आरोग्य केंद्रातून ताजी घ्या, आणि घेताना पेलाभर पाणी पिऊन अर्धा तास तरी बसून राहा. रात्री घोटभर पाण्यावर गिळून आडवं झालं की कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. दुधाबरोबर घ्यायची नाही. ती घेत असताना ऊन लवकर भाजतं. लहान मुलांच्या वाढत्या दातांवर डाग पडू शकतात आणि गरोदर बाईला ती चालत नाही, म्हणून घरातल्या मोठ्याची कॅप्सूल या दोघांना परस्पर द्यायची नाही.

जुलाबासाठी आणलेली ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी आहे, अर्धी वापरलेली. यातल्या ऑफ्लॉक्सासिनबद्दल वर लिहिलंय, सासूबाईंना ही चुकूनही देऊ नका. आणि साध्या जुलाबाला हिची गरज नसते, ओआरएस पुरतं. मुलाला जुलाब झाले तर ओआरएससोबत डॉक्टरांना विचारून १४ दिवस झिंक द्या.

पॅरासिटामॉल आणि सेटिरिझिन ही अँटिबायोटिक नाहीत. तारीख बघून ठेवायला हरकत नाही.

आता ‘उष्ण पडली’बद्दल. तुमच्या माझ्या घरात हा शब्द रोज वापरला जातो आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या एका शब्दाखाली पाच वेगळे त्रास लपतात. तोंड आलं, तर ते जिभेवर वाढलेल्या बुरशीमुळे असू शकतं. चांगले जीवाणू मेले की ती फोफावते, बायकांना खालीही खाज सुटते, पांढरं जातं. त्याला वेगळं औषध आहे, गुलकंदाने ते जात नाही. पोटात जळजळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घेऊन चालेल का, हे विचारता येतं. टाच दुखली, ती कंडरा. अंगावर गांध्या उठल्या, ती ॲलर्जी असू शकते. म्हणून डॉक्टरांना ‘उष्ण पडली’ एवढंच सांगू नका. कुठे, कितव्या गोळीनंतर, काय झालं, ते सांगा. आणि ताक : पोटाला ते चांगलंच, बहुतेक गोळ्यांबरोबर दुपारच्या जेवणात खुशाल प्या. फक्त डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ताका-दुधातल्या कॅल्शियमला चिकटून पोटातच राहतात, रक्तात कमी उतरतात. त्यांच्यात आणि ताकात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

ॲलर्जीचं मात्र नीट पाठ करून ठेवा. गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर काही मिनिटांत, तासाभरात ओठ-डोळे सुजले, श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, अंगभर गांध्या येऊन चक्कर आली, तर घरगुती काही करत बसायचं नाही. १०८ ला फोन, जवळचा दवाखाना. काही दिवसांनी ताप येऊन अंगावर फोड, तोंडात-डोळ्यांत जखमा झाल्या तरी तितकीच घाई करायची. आणि ज्या औषधाने हे झालं त्याचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं.

गोळ्या घेऊच नयेत का? न्युमोनियाला, मेंदूज्वराला, बाळंतिणीच्या तापाला, टीबीला यांच्याशिवाय माणसं मरत होती, ताई. आपल्या पिंपरीत १९५४ साली सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला तो पेनिसिलिन देशातच बनावं म्हणून. म्हणून प्रश्न ‘घ्यायच्या की नाही’ असा विचारू नका. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की तिथेच बसून विचारा : हे इन्फेक्शन जीवाणूचं वाटतंय का? यातली अँटिबायोटिक कोणती? नेमके किती दिवस? दिवस रोगागणिक बदलतात. पुष्कळ न्युमोनियाला पाच दिवस पुरतात, काही जीवाणूंच्या घसादुखीला दहा लागतात, कारण तिथे पुढे हृदयाच्या झडपा जपायच्या असतात. टीबीला सहा महिने. जितके सांगितले तितके घ्या. त्रास झाला तर स्वतः बंद करण्याआधी फोन करा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणणं बंद. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. काही अँटिबायोटिकसाठी तर २०१४ पासून दुकानदाराला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवावं लागतं.

डबा रिकामा करताना गोळ्या संडासात किंवा गटारात टाकू नका, ते औषध पाण्यात जाऊन तिथल्या जीवाणूंना सरावाला मिळतं. मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरतात. वेगळ्या कागदात बांधा, वर ‘जुनी औषधं’ लिहा आणि घंटागाडीवर सांगून द्या.

सासूबाईंची टाच आता कशी आहे, चालताना दुखते की जिना उतरताना, कंडरेवर गाठीसारखं काही हाताला लागतं का, ते कळवा. कल्चरचा रिपोर्ट आला असेल तर त्याचाही फोटो पाठवा, मी बघते.